घरफोडीचा अलार्म: कोणता घ्यावा, कुठे बसवावा, प्रोग्रॅमिंग कसं करावं? (नाशिक)

फाट्यावरचा

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे, कोपऱ्याचं. खाली हॉल, किचन आणि आई-बाबांची खोली, वर दोन बेडरूम, त्यावर गच्ची. मागे मोकळा प्लॉट, त्यात गाजरगवत कमरेएवढं. दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही सगळेच धुळ्याला जातो, तेव्हा घर पूर्ण बंद असतं. मध्यंतरी आमच्याच गल्लीत एका बंद घराचा कडी-कोयंडा तोडून चोरी झाली. तेव्हापासून आई रात्री दोनदा उठून मागचं दार बघते.

एका दुकानदाराने घरी येऊन कोटेशन दिलंय, ३८ हजारांचं. त्यात पीआयआर मोशन सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून फिरणारा माणूस ओळखणारे) ८, दरवाज्याचा सेन्सर १, जीएसएम पॅनल (सगळे सेन्सर जोडायचा, सिमवरून फोन लावणारा मुख्य डबा), रिमोट २, हूटर (भोंगा) १. सगळं वायरलेस, "भिंती फोडायची गरज नाही साहेब" या बोलीवर. कॅमेरे वेगळे.

प्रश्न असे: हे घ्यावं का? वायरलेस की वायरवालं? आणि प्रोग्रॅमिंग आपल्याला जमतं का, की प्रत्येक वेळी त्यालाच बोलवावं लागतं?

---

आबा_जेलरोड

कुत्रा पाळा. रिचार्ज लागत नाही.

---

कॉलेजरोडताई

आबा, कुत्र्याला धुळ्याला कोण नेणार? :)

धागा वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे, फ्लॅट आहे पण पहिल्या मजल्यावरचा, आणि डक्टमधले पाइप थेट आमच्या किचनच्या खिडकीपर्यंत येतात.

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

फाट्यावरचा, कोटेशन उलटं आहे. सेन्सर ८ पीआयआर आणि १ दरवाजा असे नकोत, साधारण ८ दरवाजा-खिडकी आणि १-२ पीआयआर असे हवेत. दुकानदाराला पीआयआर सोयीचा पडतो, कारण कोपऱ्यात चिकटवला की काम झालं. दाराचं मॅग्नेट नीट जुळवायला वेळ लागतो.

पीआयआर बोंबलतो तो चोर घरात शिरल्यावर. मॅग्नेटवाला सेन्सर दार उघडल्याक्षणी बोलतो. शिवाय रात्री तुम्ही घरात झोपलेले असताना पीआयआर बंदच ठेवावे लागतात, नाहीतर बाबा पाणी प्यायला उठले की हूटर. म्हणजे आठ पीआयआरच्या सिस्टिममध्ये रात्री पहारा फक्त एका दारावर. आईंची काळजी मागच्या दाराची आहे आणि कोटेशनमध्ये मागचं दारच नाही!

आधी कागदावर घराचा नकाशा काढा आणि माणूस आत येऊ शकतो अशी प्रत्येक जागा त्यावर फुली मारून दाखवा. पुढचं दार, किचनचं मागचं दार, गच्चीचं दार, खालच्या खिडक्या, पार्किंगच्या पत्र्यावरून हाताला येणारी वरची खिडकी. रो-हाऊसमध्ये गच्चीचं दार हमखास विसरतात. शेजारच्या गच्चीवरून एक पाय टाकला की माणूस तुमच्या गच्चीवर, आणि तिथे बहुतेकांचं दार म्हणजे हलका पत्रा आणि एक कडी.

---

फाट्यावरचा

बापरे, गच्चीचं दार तर आमचंही तसंच आहे. आणि पार्किंगचा पत्रा मुलीच्या खिडकीखालीच येतो.

दरवाज्याच्या सेन्सरबद्दल जरा सविस्तर सांगाल का? आमचं पुढचं दार सागवानी आहे, बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, खांदा लावून ढकलावं लागतं.

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

सेन्सरचे दोन तुकडे असतात. चौकटीवर रीड स्विच, म्हणजे काचेच्या बारीक नळीत दोन पात्या. दाराच्या फळीवर मॅग्नेट. मॅग्नेट जवळ असलं की पात्या चिकटलेल्या, लांब गेलं की सुटतात. बस, एवढंच. ना उष्णता, ना उजेड, ना पाल. त्यामुळे खोटा अलार्म जवळजवळ नाहीच.

"जवळजवळ" म्हणण्याचं कारण तुमचं फुगणारं दार. साध्या सेन्सरला दोन तुकड्यांत दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचं अंतर चालतं. पण काठावरचं अंतर ठेवू नका. कोरड्या हवेत जुळवलेलं मॅग्नेट जुलैत सरकतं, दार पूर्ण बसत नाही आणि पॅनल "झोन ओपन" म्हणत अलार्म चालूच करू देत नाही (झोन म्हणजे पॅनलला जोडलेली एकेक जागा, इथे ते दार). दार बंद असताना अंतर पाच-सात मिलिमीटरच ठेवा, आणि सेन्सर बिजागरीच्या नाही तर कडीच्या बाजूला बसवा. बिजागरीजवळ दार अर्धा फूट उघडलं तरी मॅग्नेट फारसं हलत नाही.

लोखंडी सेफ्टी डोअरवर साधा प्लॅस्टिकचा सेन्सर नको. लोखंड मॅग्नेटचा जोर खातं. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या खोक्यातला हेवी-ड्यूटी मिळतो, त्याला जास्त अंतर चालतं आणि वायर स्टीलच्या लवचिक नळीतून येते. शटरसाठी असतो तसाच. खाली प्लॅस्टिकचा जाड तुकडा देऊन बसवायचा, थेट लोखंडावर नाही.

डबल टेपवर विसंबू नका. पश्चिमेच्या दारावर मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो आणि भर दुपारी मॅग्नेट खाली. दोन बारीक स्क्रू मारा, सागवान असलं तरी.

---

वायरलेस_वेडा

मी आयटीवाला, गोविंदनगर. माझं मत वेगळं आहे. आज वायर ओढत बसायची गरज नाही. झिगबीचे (कमी बॅटरी खाणाऱ्या वायरलेस पद्धतीचे) दरवाजा सेन्सर स्वस्त झालेत, नाण्याएवढ्या बॅटरीवर वर्ष-दोन वर्ष चालतात. मी होम असिस्टंटवर, म्हणजे घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सगळं बसवलंय. मोबाइलवर नोटिफिकेशन, दार उघडलं की पॅसेजचा दिवा लागतो, रात्री अकराला आपोआप आर्म होतं, म्हणजे पहारा चालू. पाहिजे तसं प्रोग्रॅमिंग, दुकानदाराची कटकट नाही.

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

वेडासाहेब, वीज गेली आणि राउटर बंद पडला की?

---

वायरलेस_वेडा

राउटरला आणि छोट्या कॉम्प्युटरला मिनी यूपीएस आहे.

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

तुमच्याकडे आहे. केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्यात आहे का?

माझा आक्षेप होम असिस्टंटला नाही. वर सोय म्हणून ते झकास आहे. पण मुळात हूटर वाजवायचं काम अशा डब्याने करावं ज्यात अपडेट येत नाही, मेमरी कार्ड मरत नाही आणि तुम्ही घरात नसताना सासूबाईंना "सर्व्हर रीस्टार्ट करा" म्हणून सांगावं लागत नाही. पॅनल मुका, ठाम आणि कंटाळवाणा असावा.

वायर की वायरलेस, तर रंगकाम किंवा पीओपी व्हायचं असेल तर डोळे झाकून वायर. चार कोअरची अलार्म केबल महाग नाही, केसिंग पट्टीतून चौकटीच्या कडेने नेली तर दिसतही नाही. घर तयार असेल, बायको भिंतीला हात लावू देत नसेल, तर वायरलेस. पण दुकानदाराला एक विचारा: "सेन्सर पॅनलला हजेरी देतो का?"

स्वस्तातले ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर एकमार्गी असतात. दार उघडलं की ओरडतात, एरवी गप्प. बॅटरी मेली, कोणी उपटून नेला, तरी पॅनलला पत्ता नाही, तुम्ही मात्र निवांत. चांगल्या वायरलेसमध्ये सेन्सर ठरावीक वेळाने "मी आहे" म्हणून कळवतो आणि हजेरी चुकली की पॅनल कुरकुरतो. याला सुपरव्हिजन म्हणतात.

दुसरी गोष्ट रिमोटची. स्वस्त रिमोटात ईव्ही१५२७ जातीची चिप असते. तिचा कोड कायमचा ठरलेला, दर वेळी तोच हवेत जातो. गेटच्या रिमोटची नक्कल करणारा रिमोट बाजारात मिळतो, तो हाच कोड ऐकून पाठ करतो आणि मग तुमचा अलार्म त्याच्या बोटाने बंद होतो. रोलिंग कोड, म्हणजे दर वेळी बदलणारा, हवा, किंवा रिमोट नकोच, कीपॅड ठेवा.

---

द्राक्षवाला

राम राम. मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे, घर बागेतच. आम्ही कंपाउंडला बीम बसवले होते, दोन खांबांमध्ये न दिसणारा किरण आणि तो तुटला की हूटर. पहिल्या थंडीत धुक्याने वाजायचे, नंतर वेली वाढून मध्ये आल्या. आणि एकदा रात्री अडीचला वाजले, बाहेर टॉर्च मारला तर शेडजवळ बिबट्या! हूटरने तो पळाला, हे खरं.

आता दोन किरण एकावर एक आहेत, दोन्ही एकदम तुटले तरच वाजतं. मांजर, कोल्हं खालून गेलं तरी गप्प. बिबट्याचं माहीत नाही, परत आला नाही.

---

आबा_जेलरोड

म्हणजे बिबट्यासाठी तरी उपयोग झाला.

माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या मागच्या बंगल्यात असला हूटर आहे. मंडळी गोव्याला गेली आणि हा रात्रभर थांबून थांबून बोंबलत होता. चोर नाही, काही नाही. सकाळी कळलं, उघड्या खिडकीच्या पडद्यामुळे. आता तो वाजला की गल्लीत कोणी कूस बदलत नाही. उद्या खराच चोर आला तर त्याला निवांत काम करता येईल.

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

आबा, तुम्ही धाग्याचा खरा मुद्दा बोललात. घरफोडीच्या अलार्मचा मोठा शत्रू चोर नाही, खोटा अलार्म आहे. तीन वेळा खोटा वाजला की घरातली माणसं तो लावायचं सोडतात आणि शेजारी उठायचं सोडतात. मग ३८ हजारांचं कपाट भिंतीवर लटकतं.

तुमच्या मागच्या बंगल्यात दोन गोष्टी चुकल्यात. एक म्हणजे हूटर-टाइम. प्रत्येक पॅनलमध्ये हूटर किती मिनिटं वाजवायचा ते ठरवता येतं. तीन ते पाच मिनिटं पुरे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि हूटर जवळून ११० च्या घरात जातो, तेव्हा रात्रभर वाजवणं शेजाऱ्यांवर अन्यायच. दुसरं, बऱ्या पॅनलमध्ये अशी सोय असते की एकाच झोनने एका आर्मिंगमध्ये तीनदा अलार्म दिला की तो झोन पुढे दुर्लक्षित होतो, बाकीचे चालू राहतात. मॅन्युअलमध्ये "स्विंगर" शोधा. बहुतेक ठिकाणी ती बंदच पडलेली असते.

पडद्याचंही सांगतो. पीआयआरला हालचाल दिसत नाही, उष्णतेतला फरक सरकताना दिसतो. समोरच्या पांढऱ्या भिंगात बारीक खाचा असतात, त्या खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतात. गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की आत सिग्नल वर-खाली होतो. खिडकीतून गरम झुळूक आली, पडदा तापून हलला, की त्याच्या लेखी माणूसच. म्हणून पीआयआर खिडकीसमोर नको, एसीच्या झोतात नको, देवघराच्या समोर तर नकोच. चोर ज्या वाटेने *आडवा* जाईल तिथे तो लावा. सरळ त्याच्या अंगावर चालून येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. उंची सात ते आठ फूट.

आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, भिंती अंगाइतक्या तापतात. फरकच उरला नाही तर पीआयआर आंधळा होतो. "टेंपरेचर कॉम्पेन्सेशन" (उकाड्यात स्वतःची नजर तीक्ष्ण करण्याची सोय) असलेला घ्या, आणि चाचणी जानेवारीत नाही, मे महिन्यात दुपारी तीनला घ्या.

---

कॉलेजरोडताई

मला एक सांगा. आमच्या ओळखीत पाल सेन्सरवर बसली की वाजतो म्हणतात. खरं का?

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

अगदी खरं. लांबची पाल त्याला दिसतही नाही, पण भिंगावरच बसली की तिची सावली पाच-सहा पट्ट्यांवर एकदम पडते, ती त्याच्यासाठी म्हशीएवढी. "पेट इम्युन" लिहिलेल्यानेही सुटका नाही, ते जमिनीवरच्या कुत्र्या-मांजरासाठी असतं.

उपाय सोपे आहेत. ट्यूबलाइटपासून लांब लावा, कारण ट्यूबला किडे येतात आणि किड्यांमागे पाल. वायर जिथून आत येते ते भोक सिलिकॉनने बुजवा. मी उघडलेल्या कितीतरी पीआयआरमध्ये मुंग्यांची वसाहत निघालीय, सर्किटवर पांढरी अंडी पसरलेली. पल्स काउंट नावाचं छोटं जंपर (सर्किटवरची काढ-घाल करायची पिन) असतं, ते एकावरून दोनवर करा. मग दोन पट्टे ओलांडल्याशिवाय तो बोलत नाही. जिथे त्रास जास्त, तिथे ड्युअल-टेक घ्या. त्यात पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोघांनी हो म्हटलं तरच अलार्म. फक्त मायक्रोवेव्ह काचेतून आणि पातळ पार्टिशनमधून पलीकडे बघतो, म्हणून त्याचा जोर कमी करून ठेवायचा.

तुमच्या डक्टच्या खिडकीला पीआयआर नको. ग्रिल पक्की करा, आणि खिडकीच्या झडपेला मॅग्नेट. हवेसाठी खिडकी चार इंच उघडी ठेवायची सवय असेल तर झडपेवर दोन मॅग्नेट लावा, एक बंद स्थितीसाठी आणि एक चार इंचांवर.

---

कॉलेजरोडताई

दोन मॅग्नेटची आयडिया लिहून घेतली. धन्यवाद दादा.

---

संपादक मंडळ

दुकानांची नावं, फोन नंबर आणि "मी बसवून देतो" छापाचे प्रतिसाद काढून टाकले आहेत. आपल्या घराची सुरक्षा व्यवस्था नेमकी कशी आहे, कोड काय आहे, घर कधी बंद असतं हे जाहीर लिहू नये. फाट्यावरचा, तुम्हालाही ही विनंती.

---

फाट्यावरचा

संपादक, बरोबर. तारखा वगैरे लिहिणार नाही.

मेंटेनन्सदादा, दुसऱ्या एकाकडून वायरवाल्या पॅनलचं कोटेशन घेतलं, आठ झोनचं. तो म्हणाला प्रत्येक झोनला "रेझिस्टर" (विजेला ठरावीक रोध करणारा छोटा तुकडा) लावावा लागतो, तो मी पॅनलमध्येच लावून देतो म्हणजे सगळं एका जागी. बरोबर आहे ना?

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

नाही! हीच चलाखी सगळीकडे होते.

त्या रेझिस्टरचं नावच एंड-ऑफ-लाइन, म्हणजे वायरच्या *दुसऱ्या* टोकाला, सेन्सरच्या आत. किंमत पॅनलप्रमाणे ठरते, कुठे २.२ किलोओहम, कुठे ५.६. पॅनल सतत त्या वायरचा रोध मोजत असतो. ठरलेला आकडा दिसला तर सगळं ठीक. अनंत दिसला तर दार उघडलं किंवा वायर कापली. शून्य दिसला तर कोणीतरी वायरी एकत्र जोडल्या.

आता रेझिस्टर पॅनलच्या डब्यात लावला तर बाहेरची वायर कापली तेवढं पॅनलला कळतं, वायरी एकत्र जोडल्या तर काहीच कळत नाही. घरात सुतारकाम, रंगकाम चालू असताना कोणी सेन्सरच्या दोन वायरी सोलून पिळ देऊन ठेवल्या, की तो दरवाजा पॅनलच्या लेखी कायमचा बंद. दार सताड उघडं असलं तरी. वायर घुशीने कुरतडून शॉर्ट झाली तरी तेच.

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. पॅनल बंद करा, बॅटरीची एक वायर काढा. झोनच्या दोन वायरी टर्मिनलमधून सोडवा. साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या दोन टोकांना लावा, दार बंद ठेवून. तुमच्या पॅनलच्या ठरलेल्या किलोओहमच्या आसपास आकडा आला तर रेझिस्टर सेन्सरमध्ये आहे. एक-दोन ओहम आले तर तो पॅनलमध्येच अडकवलाय. मग मिस्त्रीला चहा पाजा आणि म्हणा, आठही ठिकाणी टोकाला लावून दिल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत.

---

वायरलेस_वेडा

हे भारी आहे. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसचं पॅनल उघडून बघितलं, सगळे रेझिस्टर रांगेने पॅनलमध्येच. सेक्रेटरींना दाखवलं तर म्हणाले, "नीटनेटकं दिसतंय की."

---

विमा_नको_पण_वाचा

मी विम्याच्या क्षेत्रात आहे, विकत काही नाही. दोन गोष्टी अलार्मइतक्याच कामाच्या.

१ एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी घर-पॉलिसी आहे. लोकांना वाटतं यात चोरी आली. नाही. आग, पूर, भूकंप अशा घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी त्यात आहे. साधी घरफोडी हवी तर बर्गलरीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

आणि बर्गलरीच्या कव्हरमध्ये बहुधा जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. म्हणून कडी-कोयंडा तुटलेला असेल तर पोलिस पंचनामा करेपर्यंत हात लावू नका, आवरासावर करू नका. १ जुलै २०२४ नंतरच्या एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची कलमं दिसतील, घरात घुसण्यासाठी ३३१ आणि राहत्या घरातल्या चोरीसाठी ३०५. पूर्वीची ४५४, ४५७, ३८० विसरा. घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं ती अटही पॉलिसीत वाचा, मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांना ती नडते.

---

फाट्यावरचा

उपयुक्त माहिती. आमच्याकडे बँकेने दिलेली पॉलिसी आहे, ती काढून बघतो.

वायरवालंच ठरवलं. पॅनल आई-बाबांच्या खोलीत कपाटाच्या वर, बाहेरचा हूटर वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली, त्याला स्वतःची बॅटरी. आता सिम आणि प्रोग्रॅमिंग. माझ्याकडे एक जिओचं सिम पडून आहे, ते टाकू का?

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

जागा चांगली निवडलीत. पुष्कळ जण पॅनल गच्चीच्या जिन्यावरच्या केबिनमध्ये लावतात. तिथे उन्हाळ्यात भट्टी असते आणि लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांना अर्ध्याने घटतं. आत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असेल. तुमच्या सिस्टिमने पाव अँपिअर खाल्ला तर कागदावर २८ तास, पण जुन्या बॅटरीकडून अर्ध्याचीच अपेक्षा ठेवा. तीन-चार वर्षांनी बदला, फुगायची वाट बघू नका.

सिमचं आधी पॅनलवर ठरतं. पॅनल फक्त २जी असेल तर जिओ चालणारच नाही, जिओकडे २जी नेटवर्कच नाही. ४जी लिहिलं असेल तरी विचारा, व्होल्टीवर, म्हणजे ४जीवरूनच, *कॉल* जातो का, की नुसता डेटा? काही मॉड्यूल डेटा पकडतात पण कॉल लावत नाहीत. दुकानदारासमोर सिम घालून कॉल लावून दाखवायला सांगा.

रिचार्ज संपलं की अलार्म वाजेल, पण फोन येणार नाही. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले आहेत, त्यातला लांब मुदतीचा घ्या. पॅनलमध्ये "पिरिऑडिक टेस्ट" असते, आठवड्याला एक एसएमएस तुम्हाला येऊ द्या. ज्या रविवारी तो आला नाही, त्या रविवारी काहीतरी बिघडलंय.

नंबर टाकताना ११२, म्हणजे पोलिस मदतीचा नंबर, टाकू नका. टेपवरचा आवाज तिथे कामाचा नाही, पत्ता सांगायला आणि प्रश्नांना उत्तर द्यायला माणूस लागतो. पहिला नंबर तुमचा, दुसरा समोरच्या शेजाऱ्यांचा, तिसरा नाशिकमध्येच राहणाऱ्या नातेवाइकाचा. धुळ्याच्या काकांचा नंबर टाकून ते तरी काय करणार? शेजाऱ्यांना नीट सांगून ठेवा: फोन आला तर आत शिरायचं नाही, गॅलरीतून दिवा लावायचा, ओरडायचं आणि ११२ ला फोन करायचा.

---

आबा_जेलरोड

हे शेजाऱ्यांचं बरं सांगितलंत. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं, नुसतं ऐकवलं.

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

आता प्रोग्रॅमिंग. घाबरण्यासारखं काही नाही, पण आधी कागदावर, मग कीपॅडवर.

पुढचं दार: "एंट्री-एक्झिट" प्रकार. आत आल्यावर कोड टाकायला ३० सेकंदं, बाहेर पडताना ६०. दोन कुलपं आणि चपला धरून हिशेब करा, आईंना घाई होईल इतकं कमी नको. हॉलमधला पीआयआर: "फॉलोअर". म्हणजे आधी पुढचं दार उघडलं असेल तर तो ३० सेकंदं थांबतो, पण कोणी खिडकीतून येऊन थेट त्याच्यासमोर गेला तर लगेच वाजतो. किचनचं दार, गच्चीचं दार, खिडक्या: "इन्स्टंट". तिथून कौतुकाने यायचं कारण नाही. आई-बाबांच्या पलंगाजवळ एक पॅनिक बटण, "२४ तास" प्रकारात, म्हणजे अलार्म लावलेला नसतानाही चालतं. डब्यांच्या झाकणांचे टॅम्पर स्विचही (कोणी झाकण उघडलं की कळवणारे) २४ तासांतच.

मग दोन मोड. "अवे" म्हणजे घर बंद, सगळं चालू. "स्टे" म्हणजे माणसं आत, पीआयआर बंद, दारं-खिडक्या चालू. रात्रीसाठी हाच. आईंना याचंच बटण शिकवा, दुसरं काही नाही.

कोड तीन असतात. मास्टर तुमचा. यूजर घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, म्हणजे कोणी कधी बंद केलं ते लॉगमध्ये दिसतं, आणि कामाच्या मावशी बदलल्या तर फक्त त्यांचा कोड पुसता येतो. तिसरा इन्स्टॉलर कोड, आणि हा कोणी बदलत नाही. कंपनीहून येतो तोच राहतो आणि तो इंटरनेटवरच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. त्या कोडने आख्खी सिस्टिम बदलता येते. काम संपलं, पैसे दिले, की मिस्त्रीसमोरच बदला आणि कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. विसरलात तर काही पॅनल फॅक्टरीत पाठवावे लागतात, म्हणून लिहायचं.

---

फाट्यावरचा

काम झालं मंडळी. मल्टिमीटर घेऊन बसलो तेव्हा मिस्त्री जरा चपापला. सहा झोन बरोबर निघाले, वरच्या दोन खिडक्यांना १.४ ओहम! म्हणाला, "तिथे वर हात पोचत नव्हता." शिडी आणून लावून घेतले. इन्स्टॉलर कोडबद्दल विचारलं तर म्हणाला, "आम्ही सगळ्यांना एकच ठेवतो, सर्व्हिसला सोपं पडतं." बदलून घेतला.

वॉक टेस्टही केली, म्हणजे सेन्सरसमोर चालून बघायची चाचणी. त्यात हूटर वाजत नाही, नुसती लाल टिकली चमकते. मुलगी घरभर चोर होऊन फिरली, सोफ्यामागून रांगत गेली आणि हॉलच्या पीआयआरला दिसलीच नाही. तो फूटभर सरकवला.

एक अडचण उरली आहे. बाबा पहाटे साडेपाचला फिरायला जातात, स्टे मोड बंद न करताच दार उघडतात आणि ३० सेकंदांनी अख्खी गल्ली जागी. सांगून उपयोग होत नाही, त्यांना कीपॅडचा राग आहे.

---

कॉलेजरोडताई

पाच वाजता आपोआप डिसआर्म, म्हणजे पहारा बंद, करता येत नाही का?

---

अंबडचा_मेंटेनन्सवाला

येतं, बऱ्याच पॅनलमध्ये वेळापत्रक असतं. पण मी ते करणार नाही. पहाटेच सगळ्यांना गाढ झोप असते, तेव्हाच सगळी दारं मोकळी सोडल्यासारखं होईल. त्यापेक्षा फक्त पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला, कडीशेजारी, किल्लीचा स्विच बसवा. "की-स्विच" झोन म्हणून प्रोग्रॅम होतो, किल्ली फिरवली की डिसआर्म. बाबांना कुलूप-किल्लीचा राग नसणार. मात्र ती किल्ली स्विचमध्येच लावून ठेवू नका. त्यांच्या फिरायच्या काठीला अडकवा, काठी घेतल्याशिवाय ते बाहेर पडत नसतील तर.

---

फाट्यावरचा

काठी नाही, माकडटोपी. पण तिला खिसा नाही. बघतो काय करता येतं.